वेबसाइट शिकवायची तर मोहल्ल्यातला प्रश्न द्या

वेबसाइट बनवायला शिकवणारे फुकट कोर्स इंटरनेटवर ढिगाने आहेत. मोमिनपुऱ्यातल्या किंवा कामठीतल्या मुलाला त्यातला एखादा लावून दिला की झालं, असं आपल्याकडच्या मंडळांना वाटतं. मला ते पटत नाही. मी रोज कोड लिहून पोट भरतो, म्हणून सांगतो: व्हिडिओ चांगलेच असतात, पण ते बघून झाल्यावर मुलाला करायला काय देतो, तिथे सगळं अडतं.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. साधारण दहा मिनिटांचा धडा, अनेक धड्यांना मराठी आवाज. स्क्रीनच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपलं काम. ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून बघायचं. रचना उत्तम आहे, पण त्यासाठी समोर कॉम्प्युटर हवा. आपल्या कितीतरी घरांत एकच मोबाइल असतो, तोही अब्बूंचा किंवा भाईजानचा. बहिणीच्या वाट्याला तो रात्री अर्धा तास येतो. आपला ऑनलाइन उपक्रम त्या अर्ध्या तासात मावला पाहिजे. मोबाइलवरच्या साध्या एडिटरमध्ये एचटीएमएलच्या दहा ओळी टाइप करायच्या, सेव्ह करायच्या, ब्राउझरमध्ये उघडायच्या. शीर्षक दिसलं की त्या दिवसाचं काम संपलं. रंगरंगोटी नंतर.

"एआय दोन मिनिटांत साइट बनवून देतं, मग टाइप कशाला करायचं?" हे हल्ली हमखास विचारलं जातं. देतं, खरं आहे. पण मराठी अक्षरांच्या जागी अगम्य चिन्हं उमटली, तर यूटीएफ-८ ची ओळ राहिलीय हे ओळखणार कोण? उर्दू परिच्छेद डावीकडे चिकटला, पूर्णविराम भलतीकडे गेला, तर त्याला 'उजवीकडून डावीकडे' अशी दिशा द्यावी लागते, हे कळणार कसं? इंग्रजी कोर्सना याची फारशी गरजच पडत नाही. दोन लिप्यांत वाढलेल्या आपल्या मुलांना ती पहिल्याच आठवड्यात पडते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पानं वाचताही येत आणि लिहिताही. पुढच्या लोकप्रिय ब्राउझरांतून लिहिण्याची सोय गळाली. आपण तर नुसते रील बघणारे झालो.

आता पान कशाचं? बहुतेक कोर्स 'माझा पोर्टफोलिओ' बनवायला लावतात. पंधरा वर्षांच्या मुलाचं नाव, फोटो, छंद. ते कोण वाचणार? त्याऐवजी मोहल्ल्यातला एक खरा प्रश्न द्या. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना कोणते कागद लागतात? मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जासाठी कुठे जायचं? मुलाने सरकारी पान वाचावं, कॉलेजच्या क्लार्कला विचारावं, मराठीत आणि उर्दूत लिहावं, आणि माहिती शेवटची कधी तपासली ती तारीख टाकावी.

मार्क कसे द्यायचे? शेजारच्या खालाजानच्या हातात फोन द्यायचा. कुणाच्या मदतीशिवाय उत्तर सापडलं तर पास. चुकीची तारीख राहिली तर कुणाचा तरी अर्ज जाईल, म्हणून पान गिटहब पेजेसवर चढवण्याआधी दुसऱ्या मुलाने ते तपासायचं. गिटहबवर ही जागा फुकट मिळते. मुलींनीच नव्हे, कुणीच स्वतःचा फोटो किंवा फोन नंबर त्यावर टाकायचा नाही.

मंडळांनी सर्टिफिकेटं छापण्यावर आणि वाटपाच्या कार्यक्रमावर पैसे घालू नयेत. अडलेल्या मुलाला फोनवर उत्तर देणारी माणसं शोधावीत. मिहानमध्ये, पुण्यात, बंगळुरूत आयटीत असलेली आपली मुलं-मुली कमी नाहीत. दर रविवारी सकाळचे दोन तास माझे धरा.