गोव्याची नाकेबंदी आणि आजची तक्रार

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतल्याचा ठपका ठेवून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के जकात बसविली, तेव्हा दिल्लीच्या सचिवालयापासून आमच्या पंचवटीच्या पारापर्यंत एकच सूर निघाला, की हा अन्याय आहे. तो अन्याय होता, याविषयी आम्हांस संदेह नाही. तिसऱ्याशी केलेल्या व्यवहाराबद्दल एका सार्वभौम राष्ट्राने दुसऱ्यास दंड करावा, हा अधिकार कोणत्या सनदेने दिला, याचा खुलासा अद्याप कोणी केलेला नाही. परंतु इतरांच्या न्यायबुद्धीस आवाहन करणाऱ्याने आपल्या दप्तरातील जुनी पानेही एकदा चाळलेली बरी. त्यांतील एक पान गोव्याचे आहे.

मे १९५५ मध्ये सेनापती बापट व ना. ग. गोरे यांच्या तुकडीने गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले. पुढे १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण ठार झाले. देश संतापला. सैन्य धाडावयाचे नाही हा पंडित नेहरूंचा निश्चय होता आणि स्वस्थ बसणे तर अशक्यच होते. तेव्हा मधला मार्ग म्हणून आर्थिक नाकेबंदीचा फास आवळण्यात आला. कॅसलरॉकहून मुरगावकडे जाणारी गाडी थांबली, मालाची ने-आण बंद झाली, प्रवासाला परवान्यांचे अडसर आले, आणि मुंबईत राबणाऱ्या गोवेकराने घरी धाडावयाचा पैसाही अडला.

या शेवटच्या कलमापाशी क्षणभर थांबले पाहिजे. धोबीतलावच्या कुडांतून राहणारे खलाशी, आचारी, वादक यांच्या कमाईवर बार्देश आणि साष्टीतील कित्येक घरांच्या चुली पेटत होत्या. लिस्बनमध्ये बसलेल्या सालाझार यांच्या ताटातील एक घासही या बंदीने कमी झाला नाही. कमी झाला तो मुलाच्या पैशांची वाट पाहणाऱ्या म्हातारीच्या ताटातला. आणि ही म्हातारी तर आपल्याच हिशेबाने भारतीय होती! तिला मुक्त करण्याचे साधन म्हणून तिचीच कोंडी करण्याचा हा प्रकार आपल्या पुढाऱ्यांस खटकला नसेल असे नाही. पण खटकूनही तो चालू राहिला, हे खरे.

बरे, एवढे करून साधले काय? बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून आणि तांदूळ पाकिस्तानातून येऊ लागला. दाबोळीस विमानतळ झाला. लोहखनिजाने भरलेली जहाजे मुरगावहून जपान व पश्चिम जर्मनीकडे जातच राहिली आणि खाणमालक गबर झाले. सोने आणि घड्याळे यांचा चोरटा व्यापार उलट आपल्याच हद्दीत शिरला. दार लावले की गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते, हे नाशिक जिल्ह्यास कोणी शिकवावयास नको. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळातील कांद्याच्या निर्यातबंदीने तो धडा लासलगावास पुन्हा एकदा दिलाच आहे. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी, सैन्याच्या कारवाईने, नाकेबंदीने नव्हे.

म्हणून व्यापार तोडण्याचा हक्कच कोणास नसावा असे आम्ही म्हणत नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी १९४६ मध्ये सर्वांआधी व्यापार तोडला तो हिंदुस्थानने, आणि त्याचा आम्हांस आजही अभिमान वाटतो. कायद्याचेही म्हणणे याहून फार वेगळे नाही. राष्ट्रसंघाच्या सनदेतील ४१ व्या कलमाप्रमाणे आर्थिक निर्बंधांचा आदेश देण्याचा अधिकार सुरक्षा समितीचा आहे. तथापि एखाद्या राष्ट्राने स्वतःपुरता व्यापार थांबविणे एवढ्यानेच परंपरागत आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग होत नाही, असे हेगच्या न्यायालयाने निकाराग्वाच्या दाव्यात १९८६ मध्ये सांगितले. प्रश्न मर्यादेचा आहे. दमणहून दादरा व नगर हवेलीस जाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगालने याच न्यायालयात भारतावर दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालचे सैन्य व शस्त्रे यांस वाटेचा हक्क नाकारला आणि भारताने वाट अडविली यात कर्तव्यभंग झाला नाही असेही ठरविले. पण सामान्य माणसे व सर्वसाधारण माल यांस, भारताच्या नियंत्रणाखाली का होईना, तो हक्क होता हे मान्य केले. आपल्याकडे या निकालाचा सोयीचा भाग तेवढा आठवला जातो. त्याच न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१८ रोजी इराणच्या अर्जावर अमेरिकेस अंतरिम आदेश दिला, की औषधे, अन्नपदार्थ आणि नागरी विमानांचे सुरक्षेसाठी लागणारे भाग यांच्या निर्यातीतील अडथळे दूर करावेत.

कागदावर औषधांस सूट पूर्वीही होतीच. पण पैसे पोचते करणारी बँकच दंडाच्या भयाने हात आखडते, मग सूट असून उपयोग काय? धोबीतलावच्या खलाशाचे दुःख आणि तेहरानच्या रुग्णाचे दुःख या ठिकाणी एक होते. क्यूबावरील अमेरिकी निर्बंधांविरुद्ध राष्ट्रसंघाच्या आमसभेत १९९२ पासून ठराव होत आले आणि भारत त्यांस पाठिंबा देत आला. हात वर करण्यास खर्च पडत नाही. मे २०१९ मध्ये इराणचे तेल घेणे मुकाट्याने थांबविले तेही आपणच.

दिल्लीने आता नुसता निषेध न नोंदविता नेमकी मागणी करावी, की निर्बंध लादणाऱ्या राष्ट्राने औषध, धान्य आणि कुटुंबास धाडावयाचा पैसा यांसाठी स्वतःच बँक नेमून द्यावी, आणि ती पहिल्या दिवसापासून उघडी ठेवावी. ही मागणी मांडताना गोव्यात अडलेल्या पैशांचा उल्लेख आपणच आधी केला, तर तो आपल्या तोंडावर फेकण्याची सोय समोरच्यास उरणार नाही.