नेम आणि नियम

२०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत आपल्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेडच्या परिसरांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांपैकीं दोन तर लहान मुलें होतीं. तो शोक ज्यांनीं जवळून पाहिला, त्यांस तो विसरतां येणें शक्य नाहीं. पुढें वनखात्यानें बोलाविलेल्या नेमबाजांनीं एका बिबट्यास ठार केलें. परंतु त्या दिवसांपासून घोड नदीच्या कांठीं, उसाच्या बांधावर आणि आठवड्याच्या बाजारांत एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो: शेतकऱ्याच्या घरीं बंदूक कां नसावी? कोणी म्हणतो, वस्तीवस्तीवर बंदूक द्या. कोणी म्हणतो, बंदुकीचें नांवहि काढूं नका. विशेष हें कीं, या दोन्ही पक्षांतील बहुतेकांनीं बंदूक कधीं हातांत धरलेली नसते.

अमेरिकेंत अशी एक रीत आहे कीं, ज्यांस शस्त्र बाळगण्याच्या हक्काचें रक्षण करावयाचें असतें, ते आपल्या एखाद्या नवख्या शेजाऱ्यास किंवा सहकाऱ्यास आग्रहानें चांदमारीच्या मैदानावर नेतात, त्यास बंदूक धरावयास शिकवितात व चार गोळ्या झाडावयास लावतात. त्यांचा हिशेब असा कीं, ज्यानें एकदां निर्भयपणें नेम साधला, तो पुढें त्या हक्काच्या विरुद्ध सहसा जाणार नाहीं. ही रीत आपण उचलावी काय? माझें उत्तर असें आहे कीं, नवख्यास ओळख करून देण्याचा भाग अवश्य उचलावा. मात्र त्याचें मत आधींच बांधून घेण्याचा हेतु सोडून द्यावा. याचीं कारणें क्रमानें सांगतों.

प्रथम आपल्याकडील कायद्याची स्थिति पाहूं. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें हिंदी लोकांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. युरोपीयनांस मात्र सूट होती. महात्मा गांधींसारख्या अहिंसेच्या उपासकानेंहि या कायद्याचा कडक निषेध केला. १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केलेला होता. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४८ च्या डिसेंबरांत, हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क राज्यघटनेंत घालण्याची सूचना मांडली तेव्हां घटना समितीनें ती फेटाळली. आज १९५९ चा शस्त्रकायदा लागू आहे. त्याप्रमाणें बंदूक हा मूलभूत हक्क नसून परवान्यानें मिळणारी मोकळीक आहे. पिकाच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्यांत आहे. आणि परवाना मागणाऱ्यानें शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण घ्यावें, असें २०१६ च्या नियमांत सांगितलें आहे. म्हणजे कायद्यानें दार अगदींच बंद केलेलें नाहीं. दारावर पहारा ठेवला आहे, इतकेंच.

ही मोकळीक वाढावी कीं कमी व्हावी, हें ठरविणारे आपणच नागरिक आहोंत. जो विषय आपणांस ठाऊकच नाहीं, त्याविषयीं आपण निवाडा कसा देणार? पोहणें न शिकलेल्या माणसानें नदीचे नियम करावे, तसाच हा प्रकार होईल. म्हणून ओळख हवी. आणि ओळखीचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे नेमबाजीचा खेळ.

पालकांपैकीं अनेकांस या खेळाची कल्पना नसेल. यांत कोणत्याहि प्राण्यावर अथवा मनुष्याच्या आकृतीवर नेम धरावयाचा नसतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीतून ४.५ मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा १० मीटरांवरील कागदी निशाणावर सोडावयाचा. त्या निशाणाचा अगदीं मधला, १० गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो साधावयाचा तर श्वास आवरावा लागतो, पाय घट्ट रोवावे लागतात आणि बोटानें घोडा हिसकतां येत नाहीं, हलकेच दाबावा लागतो. मनांत राग किंवा घाई असली कीं छर्रा भरकटलाच. ज्या मुलास पांच मिनिटें एका जागीं बसवत नाहीं, त्यानें हा खेळ महिनाभर करून पाहावा.

माझी स्वतःची गोष्ट सांगतों. शाळेंत असतांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत मीं प्रथम पॉइंट टू-टू रायफल हातांत घेतली. त्यापूर्वीं चित्रपट पाहून माझी अशी समजूत झाली होती कीं, बंदूक उचलावी आणि शत्रू पडावा. पांच गोळ्या मिळाल्या. त्यांपैकीं चार निशाणाच्या कागदासहि शिवल्या नाहींत! परंतु त्याहून अधिक लक्षांत राहिलें तें उस्तादांचें वाक्य. ते म्हणाले, "बाळ, चुकलेली गोळी कोठें तरी जातेच, आज ती मागच्या मातीच्या ढिगांत गेली, एवढेंच." त्या छोट्या गोळीची मजल मैलभर असते, हें मला त्याच दिवशीं कळलें. बंदुकीची भीति आणि बंदुकीचें वेड, दोन्ही मीं त्या मातींत पुरून परत आलों.

या खेळाचा आपल्या देशांतील इतिहासहि मननीय आहे. १९५१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापति गणेश वासुदेव मावळंकर. ज्या पुरुषानें सत्याग्रहांत तुरुंगवास सोसला, त्यानेंच देशांत नेमबाजीचा पाया घालावा, यांत विसंगति नाहीं. शस्त्रावर ज्याची सत्ता चालते तो एक, आणि ज्याच्यावर शस्त्राची सत्ता चालते तो दुसरा. मावळंकरांस पहिल्या जातीचीं माणसें हवीं असावींत. पुढें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जागतिक विजेत्या ठरल्या. त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील पदकानंतर ७२ वर्षांनीं महाराष्ट्राच्या खेळाडूस लाभलेलें हें वैयक्तिक पदक. कुसाळे हे मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस होते, हें दौंडच्या रेल्वे वसाहतींतील मुलांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां दुसरा भाग. नवख्यास नेऊन त्याचें मत आपल्याकडे ओढावें, हा हेतु मला कां पटत नाहीं? अमेरिकेंतील राष्ट्रीय रायफल संघटना १८७१ सालीं स्थापन झाली ती लोकांचा नेम सुधारावा म्हणून. १९७७ नंतर तिचा मुख्य रोख राजकारणाकडे वळला. तेव्हांपासून तिच्या नांवासरशीं तेथील लोकांत दोन तट पडतात. पाहुण्यास जेवावयास बोलावून शेवटीं त्याच्यापुढें सहीचा कागद ठेवला, तर जेवणाची गोडीहि जाते आणि सहीची किंमतहि जाते. मुलांच्या बाबतींत तर असें करणें उघड अन्याय होय. ज्यानें छर्रे झाडून पाहिले, तो उद्यां म्हणेल कीं परवाने अधिक मोकळे असावेत. दुसरा म्हणेल कीं अधिक कडक असावेत. दोघेहि अनुभवानें बोलतील, हाच आपला लाभ.

हाच अनुभव पिंपरखेडच्या प्रश्नास लावून पाहा. अंधारी रात्र, पुरुषभर उंच ऊस, हातांत कांपणारी विजेरी, आणि उसापलीकडे शेजाऱ्याची वस्ती. तेथें न शिकलेल्या हाताची गोळी बिबट्यास लागेल कीं शेजाऱ्याच्या मुलास? शिवाय बिबट्या हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित प्राणी आहे. प्राणावर बेतलें असतां स्वसंरक्षणाची मुभा असली, तरी त्याची शिकार करण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकाकडूनच यावा लागतो. ज्यानें चांदमारी पाहिली आहे, तो घरोघरीं बंदूक मागणार नाहीं. परंतु तोच मनुष्य हेंहि म्हणेल कीं, ज्या शेतकऱ्यास खरोखर गरज आहे आणि ज्यानें रीतसर शिक्षण घेतलें आहे, त्याच्या अर्जाचा निकाल लवकर व न्यायानें लागावा. हक्क मागणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसला, तरच हक्क टिकतो. आणि तो विश्वास शिस्तीनें मिळतो, आरडाओरडीनें नाहीं.

यावर पालक विचारतील: मुलाच्या हातीं बंदूक देऊन तें उद्धट नाहीं का होणार? शंका रास्त आहे. म्हणूनच आरंभ हवेच्या रायफलीनें, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखालीं आणि पालकांच्या लेखी संमतीनेंच व्हावा. २१ वर्षांखालील व्यक्तीस शस्त्राचा परवाना मिळत नाहीं. शिक्षणापुरती जी सवलत कायद्यानें दिली आहे, ती देखरेखीच्या मर्यादेंतच आहे, आणि तें योग्यच आहे. खर्चाचीहि भीति नको. स्पर्धेची रायफल लाखावर जाते हें खरें, परंतु ओळखीसाठीं साधी रायफल सर्व वर्गास पुरते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. विनंति केल्यास निवृत्त जवानांपैकीं कोणी शिकवावयास तयार होणार नाहीं, असें मला वाटत नाहीं.

माझी सूचना इतकीच कीं, वर्षांतून दोन दिवस शाळेंत असा वर्ग भरावा आणि मुलांबरोबर आईवडिलांनींहि रायफल हातीं घेऊन पाहावी. पहिला तास छर्रा न भरतां नुसत्या नियमांचा असावा: रायफल नेहमीं भरलेलीच आहे असें समजावें, तिचें तोंड कोणाकडेहि वळवूं नये, निशाणापलीकडे काय आहे तें पाहिल्यावांचून घोड्यावर बोट ठेवूं नये. विद्यार्थिमित्रहो, हे नियम ज्याच्या अंगीं मुरले, त्याचा नेम पुढेंमागें साधेलच. आणि उद्यां मतदार म्हणून शस्त्राच्या कायद्यावर बोलण्याचा प्रसंग आला, तर त्याचे शब्दहि भलतीकडे जाणार नाहींत.