नकाराचे कारण पडद्यानेही द्यावे

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ साली नागरिकाच्या पदरात जे टाकले, त्यात कामाच्या मुदतीइतकेच मोल आणखी एका तरतुदीला आहे. अर्ज फेटाळावयाचा असेल तर अधिकाऱ्याने त्याची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत आणि अपील कोणाकडे, किती मुदतीत करावयाचे, हेही अर्जदारास कळविले पाहिजे. आता तोच अर्ज संगणकाच्या पडद्यावर भरावा लागतो, आणि शेवटचे बटण दाबताच पडद्यावर ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढी दोनच अक्षरे उमटली, तर? व्यवहारात हा नकारच होय. परंतु कायद्याच्या लेखी तो नकार ठरत नाही, कारण अर्ज दाखलच झालेला नसतो. मुदत सुरू होत नाही, कारण नोंदले जात नाही आणि अपिलाचा प्रश्न उद्भवत नाही.

यंत्राची ही तुटक भाषा आली कोठून, याचाही इतिहास आहे. आयबीएमने १९७१ साली ३२७० मालिकेची टर्मिनले आणली. त्यांचा प्रचलित पडदा २४ ओळींचा, प्रत्येक ओळ ८० अक्षरांची. म्हणजे ग्राहकाचे नाव, खाते, रक्कम, तारीख हे सारे १,९२० अक्षरांत बसवावयाचे. चूक सांगण्यासाठी बहुधा तळाची एक ओळ उरे. संगणकाची स्मृतीही तेव्हा अतिशय महाग. त्यामुळे एक सांकेतिक क्रमांक दाखवावा आणि त्याचा अर्थ शेजारच्या जाडजूड पुस्तिकेत पाहावा, ही तडजोड समर्थनीय होती. पडद्यासमोर बसणारा कारकून त्या कामासाठी शिकवून तयार केलेला असे. तरीही चांगले प्रोग्रॅमर त्याच तोकड्या जागेत एक शिस्त पाळीत. चुकलेला रकाना उजळ करावा, कर्सर तेथे नेऊन ठेवावा, बाकी भरलेला मजकूर जसाच्या तसा राहू द्यावा आणि चार चुका असतील तर चारही एकदम दाखवाव्यात. १९७३ साली स्थापन झालेल्या सीप्झमध्ये (नाव सांताक्रूझचे, पत्ता अंधेरीचा) परदेशी कंपन्यांच्या व्यवहारांसाठी अशा आज्ञावली वर्षानुवर्षे लिहिल्या गेल्या. ही विद्या आपल्या उपनगरांना परकी आहे, असे कोणी म्हणू नये.

आता जागेची टंचाई राहिलेली नाही. कृपणता मात्र राहिली आहे. कार्डाच्या व्यवहारांत आयएसओ ८५८३ या, १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मानकाचे संकेत वापरले जातात. ५१ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला. ९१ म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेची यंत्रणाच बंद आहे. घाटकोपरच्या दुकानात गिऱ्हाइकाला मात्र या साऱ्यांसाठी पुष्कळदा ‘ट्रॅन्झॅक्शन डिक्लाइन्ड’ हे एकच वाक्य दिसते. दोष बँकेच्या यंत्रणेचा असला तरी रांगेतल्या माणसांसमोर ओशाळतो तो गिऱ्हाईक. यूपीआयची गोष्ट अधिक बोलकी आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले, की खात्यातून वजा झालेली रक्कम समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाली नाही तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. हा दिलासा व्यवहार अडकल्याच्या क्षणी, त्याच पडद्यावर, तारखेसह द्यावयाला किती अक्षरे लागतील?

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावे लागणार नाही. नेमका संदेश लिहिण्याचा खर्च एकदाच होतो आणि तो संस्थेला करावा लागतो. मोघम संदेशाचा खर्च हजारो लोकांत वाटला जातो आणि कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज तिसऱ्यांदा भरणारी बोरिवलीची विद्यार्थिनी तो अर्ध्या दिवसाने फेडते. शाळेचा लिपिक सुट्टीच्या दिवशी फेडतो. स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पैसे घेऊन अर्ज भरून देणारा माणूस काय विकतो? पडद्याने जे फुकट सांगावयास हवे होते, तेच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टंचाई तेथे मध्यस्थ, हा बाजाराचा जुना नियम आहे.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जातो आणि तो काही अंशी खराही आहे. लॉगिन करताना नाव चुकले की पासवर्ड, हे सांगितल्यास चोराला निम्मी वाट दाखविल्यासारखे होते. आधार आणि पॅन यांवरील नावे जुळली नाहीत, तर दुसऱ्या कागदावरचे नाव पडद्यावर उघड करणेही योग्य नव्हे. परंतु फरक नावात आहे, जन्मतारखेत आहे की लिंगाच्या रकान्यात, एवढे सांगितल्याने कोणते गुपित फुटते? आपल्याकडे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा आहेत, की नुसत्या ‘मिसमॅच’ शब्दावरून लग्न झालेल्या शिक्षिकेने काय दुरुस्त करावे, हे ज्योतिषालाच विचारावे लागेल. शिवाय राजभाषा अधिनियम १९६४ चा. मग राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील अर्ज मराठीत आणि चूक तेवढी इंग्रजीत, हा प्रकार कोठेही चालता कामा नये.

शासनाने यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. पडद्याने अडविलेल्या प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि तारीख द्यावी, कोणता रकाना का अडला ते मराठीत नोंदवावे, आणि अडचण यंत्रणेची असेल तर मुदत त्या तारखेपासूनच मोजावी, एवढा आदेश पुरे आहे.