महागाई कोणाच्या टोपलीवर मोजायची?

युद्ध झाले की वीरपत्नींचे सत्कार होतात. साडी आणि श्रीफळ दिले जाते, वर्तमानपत्रात फोटो येतो. पुढची तीस-चाळीस वर्षे त्या कशावर जगतात, हे कोणी विचारत नाही. आजारपणाने किंवा वयाने गेलेल्या निवृत्त जवानाच्या विधवेच्या वाट्याला तर सत्कारही येत नाही. या दोघी जगतात कुटुंब पेन्शनवर. ती पेन्शन किती वाढणार हे ज्या आकड्यावर ठरते, त्या आकड्याबद्दल आपण स्त्री-संघटनांनी बोलायला हवे.

सैनिकी पेन्शनवर केंद्र सरकारचा महागाई भत्ता मिळतो. तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. त्याचा आधार असतो औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. मागच्या 12 महिन्यांची सरासरी काढायची आणि ती 261.42 या पायापेक्षा किती टक्के जास्त आहे ते पाहायचे. तितके टक्के भत्ता. वरचा अपूर्णांक सोडून देतात. 2020 मध्ये निर्देशांकाची नवी मालिका आली. तिचा आकडा 2.88 ने गुणून जुन्या मापात आणला जातो.

हिशेब सरळ दिसतो. पण टोपली कोणाची? हा निर्देशांक देशातल्या 88 औद्योगिक केंद्रांतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चावर बेतलेला आहे. मी सातारा जिल्ह्यात काम करते. इथे घराघरातून माणूस फौजेत गेलेला आहे, पण सातारा या केंद्रांत नाही. पुणे आणि सोलापूर आहेत. शेतमजूर आणि ग्रामीण मजुरांचे निर्देशांक वेगळे निघतात, पण ते पेन्शनला लावत नाहीत. नव्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेयांचा वाटा 46.20 वरून 39.17 टक्क्यांवर आला. शहरातल्या कमावत्या कुटुंबाचा खर्च तसा बदललाही असेल. पण सत्तरीतली एकटी बाई डाळ, तेल, दूध, गॅस आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांवरच खर्च करते. खाद्यपदार्थ भडकले की तिला त्याची झळ निर्देशांकापेक्षा जास्त बसते. अमेरिकेतही सैनिकी पेन्शनची वाढ नोकरदारांच्या निर्देशांकावरच ठरते. वृद्धांसाठी वेगळा निर्देशांक तिथे काढतात, पण पेन्शनला तो लागू नाही.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. लढाईत मारल्या गेलेल्या जवानाच्या पत्नीला शेवटच्या पगाराइतकी पेन्शन मिळते. साधी कुटुंब पेन्शन मात्र पगाराच्या 30 टक्के असते, आणि 2016 पासून तिची किमान रक्कम 9,000 रुपये आहे. 2024 च्या जानेवारीपासून भत्ता 46 वरून 50 टक्के झाला. 9,000 वाल्या बाईला त्यातून मिळाले महिन्याला 360 रुपये. ज्याची मूळ पेन्शन 60,000 आहे त्याला 2,400. दुधाचा भाव दोघांना सारखाच. बरे, ही वाढ जाहीर झाली मार्चमध्ये. फरक मागाहून मिळतो हे खरे, पण तोवर वाण्याची उधारी वाढलेलीच असते.

सरकारच्या मनात आले की ही वाढही थांबते. करोनाकाळात भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. 2021 च्या जुलैपासून भत्ता 17 वरून एकदम 28 टक्के झाला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी दिली नाही. 9,000 पेन्शनवाल्या बाईचे यात 11,880 रुपये बुडाले. संकटात काटकसर करायची ती आधी बाईच्या ताटातून, हा घरातला न्याय सरकारनेही पाळला.

तरीही या बायकांना निदान निर्देशांक आहे. आमच्या बैठकीत त्यांच्या शेजारी दारिद्र्यरेषेखालची विधवा बसते. केंद्राच्या विधवा पेन्शन योजनेत तिच्यासाठी 2012 पासून महिन्याला 300 रुपये आहेत. त्यांना कोणताही निर्देशांक जोडलेला नाही. राज्याने संजय गांधी निराधार योजनेत 2023 मध्ये 1,000 चे 1,500 केले, पण तेही मनात आले तेव्हा. एकीची वाढ सूत्राने होते, दुसरीची मर्जीने. वैधव्य मात्र दोघींचे सारखेच.

काही जण म्हणतील, सैनिकाच्या विधवेला इतरांपेक्षा बरे मिळते, मग तक्रार कशाला? मला हा युक्तिवाद पटत नाही. तिचे कमी करून दुसरीला काही मिळणार नाही. तिला जे तत्त्व लागू आहे, म्हणजे महागाई वाढली की पेन्शन आपोआप वाढली पाहिजे, तेच दुसरीसाठी मागायचे आहे.

आठवा वेतन आयोग 2025 च्या नोव्हेंबरमध्ये नेमला गेला. त्याच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई आहेत. संघटनांनी आयोगाकडे मागणी करावी: वृद्ध आणि ग्रामीण पेन्शनधारकांचा निर्देशांक वेगळा काढा, आणि भत्त्याच्या प्रत्येक हप्त्यात रुपयांतली किमान वाढ ठरवा. तिसरी मागणी केंद्र आणि राज्य सरकारकडे: विधवा आणि निराधार पेन्शन निर्देशांकाला जोडा. निवेदनावर सह्या करताना वीरपत्नी आणि निराधार विधवा एकत्र असाव्यात. आजवर सरकारने त्यांना वेगवेगळ्या रांगांत उभे केले. आपण तरी तसे करू नये.