इंग्रजीचे बालपण आणि आमचे विद्यार्थी

इंग्रजी शिकावी की न शिकावी, हा वाद नांदेड व लातूर या शहरांत आता कोणी घालीत नाही. ऐपतदार आपला मुलगा इंग्रजी शाळेत घालतो आणि ऐपत नसलेला कर्ज काढून घालतो. पण नववी-दहावीच्या मुलांपुढे ही भाषा ज्या रूपाने येते, ते रूप आम्हांस मान्य नाही. ती जणू आदिकालापासून राज्य करीत आलेली निर्दोष देवता आहे, अशा समजुतीने मुले तिच्यापुढे भिऊन उभी राहतात. ही भीती घालविण्यास हायस्कुलातील मुलांस मध्ययुगीन इंग्रजी वाङ्मयाची थोडी ओळख करून द्यावी, असे आमचे मत आहे. हे वाचून आमचे कित्येक व्यापारी वाचक हसतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांनी क्षणभर थांबावे.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे सुमारे तीनशे वर्षे त्या देशाच्या दरबारात फ्रेंच आणि धर्मपीठात लॅटिन चालत असे. इंग्रजी उरली ती शेतकरी, मजूर आणि स्वयंपाकघर यांच्यापुरती. आपल्याच खटल्यात वकील काय बोलतो हे पक्षकारास कळेना, म्हणून 1362 साली न्यायालयातील वादप्रतिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा करावा लागला. मराठवाड्यातील माणसास याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रांत निजामाच्या राज्यात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, कचेरीची भाषा उर्दू, आणि मराठी घरात. उर्दूशी आमचे वैर नाही. ती गोड भाषा आहे, आणि फिर्याद, वकील, जमीन हे तिच्या घरचे शब्द काढून टाकले तर आमचे एक पानही निघणार नाही. परंतु ज्या आजोबांनी गणित व भूगोल परभाषेत घोकला, त्यांच्या नातवास इंग्रजीवरही एके काळी हीच पाळी आली होती, हे कळू द्यावे. मग तो तिच्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील.

आता चॉसरविषयी. हा कवी 1400 साली वारला. तो मद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. 1374 पासून काही वर्षे लंडनच्या बंदरात लोकर व कातडी यांच्या जकातीवर तो अधिकारी होता. म्हणजे बाजार त्याने जवळून पाहिलेला. त्याच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरूंचा एक मेळा लंडनजवळच्या खाणावळीतून कँटरबरीस निघतो आणि वाट सरावी म्हणून गोष्टी सांगतो. शिलेदार, जोगीण, पिठाच्या गिरणीवाला, स्वयंपाकी, पाच नवरे केलेली बाई, सारे एकाच वाटेवर. त्यात एक व्यापारीही आहे. नफ्याच्या गोष्टी मोठ्याने बोलतो आणि आपण कर्जात आहोत हे कोणास कळू देत नाही. लातूरच्या आडत बाजारात असा कोणी नाही, असे आम्ही समजतो. माळेगावची खंडोबाची जत्रा किंवा पंढरीची दिंडी पाहिलेल्या मुलास हे पुस्तक परके वाटण्याचे कारण नाही.

त्यातीलच एक कथा अशी : तिघे उनाड मृत्यूस ठार मारण्यास निघतात, झाडाखाली सोने सापडते आणि लोभाने एकमेकांचा घात करून तिघेही मरतात. हिचे जुने रूप पाली जातकांत, वेदब्भ जातकात आहे. जी गोष्ट आमच्याच देशातून फिरत फिरत तिकडे गेली, ती आमच्या मुलांस सांगण्यास संकोच कशाचा?

शिवाय रोकड फायदाही आहे. ‘नाइट’ म्हणजे शिलेदार, या शब्दाच्या आरंभी ‘के’ आणि मध्ये ‘जी-एच’ का, हे मुलगा विचारतो तेव्हा शिक्षक ‘पाठ कर’ एवढेच सांगतात. चॉसरच्या काळी तो ‘के’ उच्चारला जाई आणि ‘जी-एच’चा घशातून ‘ख’सारखा ध्वनी निघे. 1476 साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यावर स्पेलिंग हळूहळू गोठले. उच्चार मात्र पुढे चालत राहिले. एवढे कळले तरी पाठांतराचा निम्मा राग निवळतो.

आक्षेप दोन येतील. स्वभाषेचे जुने ग्रंथ सोडून हे कशाला, हा पहिला. तो आम्हांस खरा वाटतो. चॉसरच्या सुमारे शंभर वर्षे आधी म्हाइंभटाने लोकांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र मराठी गद्यात लिहिले, हे माहूर ज्या जिल्ह्यात आहे तेथील मुलांसही ठाऊक नसावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. म्हणून दोन्ही एकाच आठवड्यात शिकवावीत. एक दुसऱ्यास उजळवील. दुसरा आक्षेप गुणांचा. ‘लातूर पॅटर्न’च्या पालकास प्रश्नपत्रिकेबाहेरचे अक्षर नको असते. त्यावर आमचे उत्तर इतकेच की याची परीक्षा घेऊच नये. परीक्षा आली की गाइड येईल, आणि गाइड आले की चॉसरही मेला.

सहामाहीनंतरचे आठ तास पुरेत. गोष्ट आधी मराठीत सांगावी, मग आजच्या सोप्या इंग्रजीत वाचावी, शेवटी मूळच्या पाचदहा ओळी शिक्षकाने जुन्या उच्चाराने म्हणून दाखवाव्यात. सर्वच कथा मुलांपुढे ठेवण्याजोग्या नाहीत. निवड शिक्षकाने करावी. शाळेच्या भिंतीवर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावून घेणारे दाते उभय शहरांत पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एकाने यंदा पाटीऐवजी या दोन ग्रंथांच्या सुबोध आवृत्तींच्या वीस-वीस प्रती एखाद्या शाळेस द्याव्यात, अशी आमची त्यांस विनंती आहे.