साखरशाळेत मुले किती, आणि शिकविणार कोण?



गव्हाणीत मोळी पडली की आपण टनेज विचारतो, उतारा विचारतो, तोडणीला किती कोयते आले तेही विचारतो. त्या कोयत्यांबरोबर शाळेच्या वयाची पोरे किती आली, हे मात्र कोणी विचारीत नाही. करारात कोयता म्हणजे नवरा-बायको. पोरांना तिथे रकाना नाही.

आपला परभणी जिल्हा या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभा आहे. जायकवाडीच्या पाण्यावरचा ऊस तोडायला टोळ्या येतात. आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातली माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडणीला जातात. येणारी पोरे परकी म्हणून सोडली, तर जाणाऱ्या आपल्या पोरांना तिकडे कोण विचारील?

सन २००० नंतरच्या दशकात ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी अनेक कारखान्यांवर साखरशाळा चालविल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि मुलांना नेहमीच्या शाळेतच घालावे, असे धोरण आले. तत्त्व योग्यच आहे. लहानगी जवळच्या शाळेत जातातही. अडते ते पाचवी ते आठवीचे पोर. बारा वर्षांची मुलगी कोपीवर धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते. तिचा भाऊ मोळ्या वाहतो. टोळी फड बदलते, शाळा मागे राहते. म्हणून कारखान्यावर हंगामी वर्ग लागतोच.

पण वर्ग म्हणजे नुसती खोली नव्हे. सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, भाषा व सामाजिक शास्त्र यांना निदान एकेक शिक्षक, असे कायदा म्हणतो. आणि हंगामी वर्गात? एकाच माणसावर पहिली ते आठवी टाकली, तर तासात एकेका इयत्तेच्या वाट्याला साडेसात मिनिटे येतात. एका गड्याला आठ एकरांची खुरपणी सांगितली तर आपणच हसू.

आमचे म्हणणे एवढेच. शेतकी खात्याने तोडणी करारासोबत मुलांची यादी करावी: नाव, वय, इयत्ता, घरची भाषा. ती हंगामाआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी आणि त्या आकड्यावर शिक्षक मागावेत. आकडाच नसेल तर शिक्षक कशावर मागणार? शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही, हे मुकादमांना बजावून सांगावे. बंजारा मुलांसाठी त्यांची बोली जाणणारी एक मदतनीस टोळीतूनच घ्यावी. शेजारी पाळणाघर असावे. त्यावाचून मोठी मुलगी मोकळी होणार नाही.

‘खर्चाने भाव कमी होईल,’ असे काही सभासद म्हणतील. खोली, पाणी, वीज आपल्याकडे आहे. शिक्षक जिल्हा परिषदेकडून मागायचे आहेत. यादीला लागते ती एक वही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उताऱ्याच्या आकड्याबरोबर हा आकडाही सभासदांनी विचारावा, अशी आमची विनंती आहे.