बंदोबस्त पायथ्याशीच व्हावा

मृगाच्या सरींनी भुई भिजली, की कवचाचे तोंड बंद करून महिनोन् महिने मातीत निपचित पडलेली शंखी गोगलगाय बाहेर येते, रात्रभर कोवळी रोपे कुरतडते आणि उन्हे चढण्यापूर्वी पालापाचोळ्याखाली दडते. सकाळी शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतात त्या बिनपानांच्या काड्या आणि त्यांवरची चिकट, चकाकती रेघ. मूळची पूर्व आफ्रिकेची ही गोगलगाय विल्यम बेन्सन या शंखशास्त्रज्ञाने १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि ती चौरंगीच्या एका बागेत सोडली गेली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने सोयाबीनचा जो फडशा पाडला, तो अद्याप विस्मृतीत गेलेला नाही.

वऱ्हाडाने हा प्रश्न केवळ पिकाचा मानू नये. अचलपूर, चांदूरबाजार आणि अकोट या तालुक्यांतील संत्र्याच्या बागा मेळघाटच्या पायथ्याशी आहेत. तेथून डोंगर चढण्यास गोगलगायीला पाय लागत नाहीत. कलमाच्या पिशवीतील ओली माती आणि शेणखताची ट्रॉली तिला पुरते, कारण प्रत्येक जीव उभयलिंगी असून साबुदाण्याएवढी शेकडो अंडी घालतो. शेतातील नुकसानीचा निदान पंचनामा तरी होतो. सागवनातील कोवळ्या रोपांचा आणि तेथील मूळच्या चिमुकल्या गोगलगायींचा पंचनामा कोणत्याही दप्तरी होत नाही.

अविचारी उपाय मूळ रोगाहून घातक ठरतो, याचा दाखला ताहिती व मूरिया या पॅसिफिक बेटांनी दिला आहे. आफ्रिकी गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी तेथे १९७४ व १९७७ साली अमेरिकेतील एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने परकीय शत्रूऐवजी डोंगरातील अरण्यांत राहणाऱ्या पार्टुला या स्थानिक गोगलगायींनाच लक्ष्य केले आणि अवघ्या दशकभरात मूरियाच्या रानातून त्या जवळजवळ नामशेष झाल्या. मेटाल्डिहाइड या गोगलगायनाशकाच्या गोळ्यांचेही तेच: कुत्र्यांना व पाखरांनाही विषारी असलेल्या या गोळ्या शेतात जपून वापराव्यात, वनाच्या हद्दीत मात्र त्यांना मज्जाव असावा.

खात्रीचा मार्ग कष्टाचा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधावर अंथरावीत, पहाटे हातमोजे घालून गोगलगायी वेचाव्यात, मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात आणि अंडी खणून नष्ट करावीत. एकट्याने वेचल्यास शेजारच्या शेतातून त्या पुन्हा येतात, म्हणून ग्रामपंचायतीने दवंडी देऊन साऱ्या शिवारात एकाच वेळी हे काम करवावे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मार्गदर्शन करावे. आणि रोपवाटिकेतून मेळघाटातील चिखलदरा-धारणीकडे जाणारे प्रत्येक कलम, त्याची माती तपासल्यावाचून, कृषी व वन खात्यांनी पुढे सोडू नये. पायथ्याला आज कसूर झाली, तर उद्या डोंगरात कोणताच बंदोबस्त पुरा पडणार नाही.